छातीत दुखते म्हणा

आमच्या कॅज्युअल्टीतली गर्दी कमी झाली तेव्हा सगळे खूश होते. मला मात्र धास्ती वाटायला लागली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात सिस्टर आहे. नोकरीचा बहुतेक काळ कॅज्युअल्टीतच गेला. साप चावलेला, गाडीवरून पडलेला, फवारणी करताना औषध अंगात भिनलेला, बाळंतपणात अडलेली, कोणीही असो, आधी आमच्याच दारात येतो. सोबत घरची माणसं. पावसाळा सरत आला, कपाशी कंबरेला लागली की पाय ठेवायला जागा नसायची. एका स्ट्रेचरवर दोघं, उरलेले भिंतीला टेकून खाली. सलाईनची बाटली कोणाच्या तरी मेहुण्याच्या हातात. आपला माणूस आधी पाहावा म्हणून नातेवाईक आमच्या पदराला, एप्रनला हात घालून ओढायचे. कोणाला आधी घ्यायचं हे आम्ही चेहरा पाहून, कण्हणं ऐकून ठरवायचो, आणि खरं सांगायचं तर जो जास्त ओरडेल त्याचा नंबर पुष्कळदा आधी लागायचा.

मग ते यंत्र आलं. दाराशी एका उभ्या दांड्यावर बसवलेला पडदा, वर कॅमेरा, बाजूला बोटाला लावायचा चिमटा आणि दंडाला बांधायचा पट्टा. रुग्ण समोर बसला की बाईच्या आवाजात मराठीतून प्रश्न विचारायचं, नाडी-रक्तदाब मोजायचं आणि रंग सांगायचं. लाल म्हणजे लगेच आत. पिवळा म्हणजे थांबा. हिरवा म्हणजे घाई नाही. हिरव्याला ते बाह्यरुग्ण विभागात पाठवायचं, नाहीतर त्याच्या गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात. त्या दवाखान्याला निरोपही तेच धाडायचं.

कृत्रिम बुद्धिमत्ता, असं आमच्या सभेत सांगितलं गेलं. सांगायला कंपनीच्या एक मॅडम आल्या होत्या. तिशीतल्या, बोलायला गोड.

मी विचारलं, "हा कॅमेरा आमच्यावर आहे का?"

"नाही हो सिस्टर. रुग्णाचा चेहरा, श्वास कसा चालला आहे ते पाहायला आहे."

"पण मग आम्ही कधी आलो, कुठे उभ्या होतो, हे त्यात दिसतच असेल."

"दिसतं. पण आम्ही ते बघत नाही."

दिसतं पण बघत नाही, हे काही माझ्या गळी उतरलं नाही. बाकीच्या सिस्टर मला नंतर म्हणाल्या, तू उगाच पहिल्याच दिवशी वाकड्यात शिरलीस. असेल. पण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. खाटा वाढवल्या नव्हत्या. डॉक्टर वाढवले नव्हते. मग एक पडदा आणून गर्दी कशी कमी होणार? माणसं कुठे तरी जाणारच ना. कुठे?

पहिल्याच आठवड्यात मला हवा होता तसा पुरावा सापडला. महागावकडचा एक मध्यमवयीन शेतकरी समोर बसला होता. यंत्राने विचारलं, "आपल्याला श्वास घेण्यास त्रास होत आहे का?"

तो म्हणाला, "नाई. निस्ता दम भरून राह्यला."

बोटाचा चिमटा त्याच्या राठ बोटावरून सारखा निसटत होता, त्यामुळे ऑक्सिजनचा आकडा आला नव्हता. यंत्राने त्याचं 'नाई' तेवढं धरलं आणि हिरवा रंग दाखवला. मी शेजारीच होते. त्याचे ओठ निळसर दिसत होते. त्याला तिथून उठवलं, सरळ आत नेऊन ऑक्सिजन लावला. दम भरणं म्हणजेच श्वासाचा त्रास, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

कॅज्युअल्टीचे प्रमुख डॉक्टर, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, त्यांना मी त्याच दिवशी जाऊन सांगितलं. सर शांत माणूस. त्यांनी मॅडमना फोन लावला आणि माझ्याकडे दिला. मॅडम अजिबात वरमल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "फार चांगलं झालं सांगितलंत. असे आणखी शब्द सांगा ना. आम्ही त्याला शिकवतो."

मी सांगितले. दम भरते, जीव कसानुसा होते, पोटात कालवून राह्यलं. थोड्याच दिवसांत यंत्राला ते सगळं कळायला लागलं. एवढंच नाही, पुढे मी न सांगितलेलेही शब्द त्याला कळायला लागले. ते कुठून शिकलं? समोर बसून कण्हणाऱ्या आमच्याच माणसांकडून. त्यांना कोणी विचारलं होतं का? मी सरांना हे बोलले तर ते म्हणाले, "सिस्टर, चुकलं तरी तुम्हाला संशय, सुधारलं तरी संशय. कसं करायचं?"

आणि गर्दी खरोखर कमी होत होती. खाली बसलेली माणसं दिसेनाशी झाली. एका स्ट्रेचरवर एकच रुग्ण. आम्हाला दुपारी डबा खायला फुरसत मिळू लागली. वरून साहेब लोक येऊन पाहून गेले, फोटो काढून गेले.

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की याडी बऱ्याच दिवसांत आली नाही.

याडी म्हणजे दिग्रसकडच्या एका तांड्यावरची म्हातारी. बंजारा समाजात आईला याडी म्हणतात. तिची सून तिला तशी हाक मारायची म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. तिला जुना दमा. वाफ द्यायला लागायची, इंजेक्शन लागायचं, दोन-चार तासांनी बरी होऊन निघायची. घराजवळ दवाखाना असून ती इतक्या लांब आमच्याकडे यायची. एकदा माझ्या हातून तिला बरं वाटलं होतं, तेव्हापासून मी दिसल्याशिवाय तिचा जीव शांत व्हायचा नाही.

मी सोबतच्या सिस्टरला विचारलं.

"आलती ना," ती म्हणाली. "तुमची सुट्टी होती त्या दिवशी. हिरवा आला. तिच्या भागातल्या दवाखान्यात पाठवलं."

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही आली."

माझ्या डोक्यात तो महागावचा शेतकरी आणि त्याचे निळे ओठ. याडी तर अर्धं बंजाऱ्यांच्या बोलीत बोलायची. यंत्राला ती काय कळली असेल? परत पाठवलेली म्हातारी रस्त्यातच गेली असेल, आणि आमच्याकडे मात्र एक माणूस कमी झाला म्हणून गर्दी घटल्याची नोंद झाली असेल. मी हे कोणाला बोलले नाही. पण जेवताना, कपडे वाळत घालताना सारखं तेच यायचं मनात. मला वाटलं, गर्दी अशीच घटत असणार. जी माणसं परत येत नाहीत, ती बरी झाली असंच धरलं जात असणार.

पुढच्या सुट्टीला मी दिग्रसची एसटी धरली. तिथून ऑटोने तांड्यावर. विचारत विचारत घर सापडलं. अंगणात सून तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. मला पाहून ती दचकून उठली. तिला वाटलं काही तरी वाईट सांगायला आले.

"याडी कुठे आहे?" मी विचारलं.

"आत हाय. झोपली."

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोन हाय वं?" आणि याडी स्वतः चालत बाहेर आली. चांगली धडधाकट. मला पाहून हसली, माझा हात धरून खाटेवर बसवलं.

"तू अठी कशी आली वं बाई?"

"तू येईना म्हणून आले. मला वाटलं..."

"मेली वाटलं तुले?" ती म्हणाली. "नाई वं. त्या मशीननं दवाखान्यात सांगून ठेवलं होतं. मी गेली तं डॉक्टर म्हने, तुमचीच वाट पाहून राह्यलो. वाफ देली. घरी ओढाची दवाई देली. आता इतक्या लांब कायले येऊ? एसटीत बसूनच दम भरते."

तोंडाने ओढायचं औषधही तिने मला आणून दाखवलं. नीट वापरत होती. मी जे ठरवून आले होते त्यातलं काहीच खरं निघालं नाही. याडी बरी होती, पूर्वीपेक्षा बरी होती, आणि माझ्याविना बरी होती. आनंद झालाच. थोडं ओशाळल्यासारखंही झालं.

सुनेने चहा केला. चहा घेता घेता ती सहज म्हणाली, "आता तं आमच्या तांड्यात सगळ्याइले माहीत झालं, सिस्टर. त्या मशीनले काय सांगाचं ते."

"काय सांगायचं?"

"छातीत दुखते म्हना. डाव्या हाताले मुंग्या येतात म्हना. मंग लाल येते, अन् बसाव नाई लागत."

"कोणी सांगितलं हे?"

"कोनी कायले सांगीन? एकजन गेल्ता, त्याले लाल आला. त्यानं घरी येऊन सांगतलं का मी असं असं म्हनलो. मंग दुसरा गेला, त्यानं बी थेच म्हनलं. आता समद्यांची छाती दुखते." ती तोंडावर पदर धरून हसली.

मी हसले नाही. परतीच्या एसटीत मी गेल्या काही दिवसांतले लाल रुग्ण आठवू लागले. ताप आलेला तरुण, छातीत दुखते. पायाला लागलेली बाई, छातीत दुखते. आम्ही धावत ईसीजी काढायचो आणि तो सरळ निघायचा. त्याच वेळी कोण पिवळ्यात बसून असायचं, हे कोणी पाहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. याडी बरी असल्याचंही सांगितलं, लपवलं नाही. सर म्हणाले, "लाल का वाढतोय ते मला कळत नव्हतं. आता कळलं." त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं.

मॅडम आल्या, ऐकून घेतलं, आणि त्यांचे डोळे चमकले. "हे सोडवता येईल. शब्द खरे आहेत की पाठ केलेले, हे आवाजावरून, चेहऱ्यावरून कळू शकतं. यंत्र शंकेची खूण करेल. लालच्या शेजारी एक छोटं चिन्ह. तुम्ही मग त्या रुग्णाला जरा मागे ठेवू शकता."

"म्हणजे खोटं कोण बोलतं ते यंत्र सांगणार?" मी विचारलं.

"शक्यता सांगेल. निर्णय तुमचाच."

इतके दिवस मी यंत्राकडे संशयाने पाहत होते. आता यंत्र रुग्णांकडे संशयाने पाहणार होतं, आणि ते मी सांगितलेल्या गोष्टीवरून. मी म्हणाले, "सर, हे नको. दुखणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असावा हे कोणी ठरवायचं?" सरांनाही ते फारसं आवडलं नव्हतं. पण लालची रांग दाराबाहेर गेली होती. ते म्हणाले, "काही दिवस करून पाहू."

खूण सुरू झाली. आणि मला कबूल करायला हवं, ती बऱ्याचदा बरोबर ठरायची. ज्यांच्यापुढे चिन्ह यायचं त्यांना मी जरा दटावून विचारलं की ते खाली मान घालून खरं सांगायचे. "ताप हाय सिस्टर. पन लय वेळ बसाव लागते म्हनून म्हनलं." हळूहळू मीच आधी चिन्हाकडे आणि मग माणसाकडे पाहायला लागले.

अशात एका दुपारी एक बाई आली. पस्तिशीची असेल, शेतमजूर. सोबत नवरा. त्याचे कपडे स्वच्छ, केस नीट विंचरलेले, बोलण्यात अदब. बाई पडद्यासमोर बसली. यंत्राने विचारलं तशी ती एका दमात म्हणाली, "छातीत दुखते. डाव्या हाताले मुंग्या येतात."

अगदी पाठ केल्यासारखं. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. पडद्यावर लाल आला आणि शेजारी शंकेचं चिन्ह.

मलाही ती खोटंच बोलतेय असं वाटलं. आत एक फवारणीचा रुग्ण उलट्या करत होता. मी बाईला म्हणाले, "ताई, खरं सांगा. नेमकं काय होतंय?"

ती पुन्हा तेच बोलली. "छातीत दुखते."

नवरा मला म्हणाला, "मॅडम, तिले काही नाई. उगाच घाबरते. म्या म्हनलं घरी चाल, तं ऐकत नाई. तुमीच सांगा आता तिले."

त्याचा स्वर इतका समजूतदार होता की मी मान डोलावली. बाईला बाकावर बसायला सांगून मी वळणार होते. तेवढ्यात तिने माझा एप्रन धरला. जोरात नाही. दोन बोटांत कड धरली फक्त. आणि नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "अंदर नेऊन पाहा ना."

आमच्याकडे नियम आहे, ईसीजी काढताना पुरुष नातेवाईक बाहेर. त्या क्षणी मला तो नियम आठवला आणि तिला तो माहीत असावा असं वाटलं. मी म्हणाले, "चला, ईसीजी काढू." नवरा मागे आला. मी त्याला दाराशीच थांबवलं.

आत खाटेभोवतीचा कापडी पडदा ओढून मी तिला ब्लाउज सैल करायला सांगितलं. ती हलली नाही. मग तिने बाहीच वर केली. दंडावर काळेनिळे वळ, काही जुने पिवळे पडलेले, काही ताजे. ब्लाउज उचलून पाहिला तर पाठीवरही तसेच. एका बरगडीला हात लावू देईना.

"हे कधीचं?" मी हळू विचारलं.

"नेहमीचंच. आज लय झालं."

"मग दाराशी का नाही सांगितलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "थो बाजूले उभा होता ना. अन् थे मशीन मोठ्यानं बोलते. मी काय सांगतलं थे त्याले ऐकू आलं असतं. छातीत दुखते म्हनलं का अंदर नेते, असं आमच्या वावरातल्या बाया बोलून राह्यल्या होत्या."

तिची छाती खरंच दुखत होती. एक्स-रेमध्ये बरगडीला तडा दिसला.

सरांनी पोलिस प्रकरण म्हणून नोंद केली. चौकीतल्या बाई हवालदार आल्या. नवरा बाहेर शेवटपर्यंत अदबीने बोलत होता, बायको पडली असं सांगत होता. बाईने उमरखेडला असलेल्या भावाचा फोन नंबर तोंडपाठ सांगितला. संध्याकाळपर्यंत भाऊ आला. त्याने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. दोन दिवस ती आमच्या वॉर्डात होती, मग त्याच्याबरोबर गेली. पुढे तक्रारीचं काय झालं मला ठाऊक नाही. ती परत नवऱ्याकडे गेली का, तेही नाही. गेली नसावी असं मी धरून चालते, पण खात्री कशाचीच देता येत नाही.

बाई आली त्याच संध्याकाळी मी सरांच्या खोलीत गेले. "सर, ते चिन्ह बंद करा."

"यंत्र चुकलं म्हणून?"

"यंत्र चुकलं नाही. ती पाठ केलेलंच बोलत होती, ते त्याने बरोबर ओळखलं. मीही तेच ओळखलं होतं. ती बाकावर बसली असती आणि तो तिला घेऊन गेला असता."

सरांनी माझ्यासमोरच मॅडमना फोन करून आमच्याकडची खूण काढायला सांगितली. आणखी एक ठरलं. यंत्राने लाल दिला की तो खाली आणायचा अधिकार फक्त डॉक्टरचा, तोही रुग्णाला हात लावून पाहिल्यावर. लालची रांग लांबली तर लांबू द्यायची. तेवढ्यासाठी एक सिस्टर दाराशी जास्त द्यायची. ती सिस्टर अर्थात मी.

मॅडम आठवडाभराने पुन्हा आल्या. त्यांनी त्या बाईची हकिकत सरांकडून ऐकली होती. आल्या आल्या माझ्यापाशी बसल्या. "सिस्टर, अशी बाई ओळखायला यंत्राने काय विचारावं? सांगा, मी घालते त्यात."

त्यांचा हेतू चांगला होता. आता मला ते दिसायला लागलं होतं. तरी मी सावधच होते. म्हणाले, "काय विचारावं ते मला नाही माहीत. नवऱ्यासमोर विचारू नका, एवढं करा."

त्यांनी ते केलं. आता पडदा दाराशी नाही. आतल्या बाजूला एक छोटी खोली केली आहे, तिथे रुग्ण एकटा बसतो आणि आवाज बाहेर येत नाही. प्रश्नही हळू आवाजात. उठता न येणाऱ्यांजवळ मी असते. बायका आत जास्त बोलतात, हे खरं आहे. काही पुरुषही बोलतात. फवारणीचं औषध चुकून पोटात गेलं असं बाहेर सांगणारा एक जण आत वेगळंच बोलला आणि त्यामुळे त्याच्यावर नजर ठेवता आली.

सर म्हणतात, आता तरी तुमचा संशय गेला का. मी म्हणते, कमी झाला. हे पूर्ण खरं नाही. कोणाचं बोलणं कुठे साठतं, कोण ऐकतं, हे मला आजही नीट कोणी समजावून सांगितलेलं नाही. आणि तांड्यावरच्या लोकांना लाल रंग आणायचे शब्द जितक्या लवकर कळले, तितक्याच लवकर बाकीच्यांनाही त्या खोलीत काय चालतं ते कळणार.

परवा एक माणूस आपल्या बायकोला घेऊन आला. ती आत गेली आणि दार लागलं. तो थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिला, मग माझ्याजवळ आला.

"सिस्टर, थे मशीन अंदर काय काय विचारते हो?"

"नाव, गाव, काय दुखतं ते," मी म्हणाले.

"अजून?"

"एवढंच."

तो दाराकडे पाहत उभा राहिला. मी त्याच्या हातांकडे पाहत राहिले.